माघारीचा फासा

जोगळेकर गेले तेसुद्धा मागच्या दाराने. त्यांच्या टॉवरची पुढची लॉबी लाद्या बदलायला उकरून ठेवली होती, म्हणून तिरडी मागच्या जिन्याने, कचऱ्याच्या डब्यांशेजारून काढली. मला निरोप दिला तो वॉचमनने. मी गाळ्यात एका ड्रॉवरला चॅनल बसवत होतो. तो शटरपाशी उभा राहून म्हणाला, "चाचा, वो टेबलवाले साहब गए, सुबह में. आपको कोई बोला नहीं क्या?" कोणी बोललं नव्हतं. हातातला स्क्रू बसवला आणि उठलो. पोचलो तर कमिटीवाले एकमेकांना सांगत होते, किती शांत माणूस, कधी कोणाशी वाद नाही, कधी आवाज चढवला नाही. हे म्हणे कौतुक. सगळ्यात जास्त डोळे पुसत होता तो चौथ्या मजल्यावरचा गृहस्थ, ज्याने जोगळेकरांची गाडी लावायची जागा राजरोस घशात घातली होती. मला वाटलं, आता तरी हा माणूस उठून बसेल आणि त्याला म्हणेल, चालता हो. पण कसचं काय... जिवंतपणी जे जमलं नाही ते तिरडीवर काय जमणार.

त्याला आता दीडेक महिना झाला. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, मला म्हणाल्या, "तात्या, गेलेल्या माणसांवर पेपरच्या पुरवणीत लिहितात तसं तुम्ही यांच्यावर लिहा." मी म्हटलं, मी चौथी शिकलेला सुतार, आणि मी लिहिलं तर ते चांगलं लिहिणार नाही. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला सांगतेय. चांगलं लिहिणारे भरपूर आहेत." तर लिहितोय. शुद्धलेखन पुरवणीवाल्यांनी बघावं, त्याचा त्यांना पगार मिळतो.

माझा गाळा मिरा रोडला, नव्या टॉवरांच्या पाठीमागे. जोगळेकर पहिल्यांदा आले ते हातात कागद घेऊन. बोटीवर रेडिओ ऑफिसर होते, रिटायर होऊन इकडे सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतलेला. शर्ट इस्त्रीचा, बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपणच काहीतरी चुकलो. कागदावर टेबलाचं चित्र. सहा फूट बाय चार, मधोमध सांधा, दोन्ही भाग सुटे करता आले पाहिजेत, काठाला बोटभर उंच पट्टी, आणि पाय नकोत.

मी म्हटलं, "साहेब, पाय नसलेल्या टेबलाला फळी म्हणतात."

"मग फळी करा," ते म्हणाले.

बघा. ओळख व्हायच्या आत पहिली माघार. मी मुद्दाम टोकलं होतं, गिऱ्हाईक कसं आहे ते कळावं म्हणून. कळलं.

फळी म्हणा, टेबल म्हणा, मी चांगलं केलं. उत्तम प्लाय, काठाला सागाची पट्टी, सांध्यात लाकडी खिट्ट्या आणि खालून कडी. दोन भाग जोडले की नखसुद्धा अडकणार नाही. पोचवायला गेलो तर त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर टाकलं, आणि कपाटातून खोके काढले. मला वाटलं भांडी असतील. निघाले शिपाई. बोटाच्या दोन पेरांएवढे, शिशाचे, रंगवलेले, कोणाच्या हातात बंदूक, कोणाच्या भाला, घोडे वेगळे, तोफा वेगळ्या. साठी उलटलेला माणूस ते एकेक फुंकर मारून मांडायला लागला. कुठल्याशा इंग्लिश बंदरात बोट दुरुस्तीला अडकली होती तेव्हा तिथल्या क्लबात यांनी मोठे मोठे बाप्ये फूटपट्ट्या घेऊन टेबलावर वाकलेले बघितले, आणि हे डोक्यात शिरलं. फिरंगी शिपाई तिकडे तयार मिळाले. मराठे मिळेनात, म्हणून यांनी फिरंग्यांच्याच टोप्यांवर पुट्टीची पागोटी चढवली आणि मिशा रंगवल्या. म्हणजे माझ्या वाट्याला पुढे जे मावळे आले ते मूळचे गोरेच होते.

मी विचारलं, "घरात लहान मुलं आहेत?"

"मुलगी आहे, नाशिकला. लग्न झालंय तिचं."

"मग हे खेळणार कोण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रविवारी दुपारी तुम्ही काय करता?"

मी झोपतो, असं सांगायला पाहिजे होतं. पुढच्या रविवारी गेलो ते माझ्या टेबलाचं काय केलंय ते बघायला. जे केलं होतं ते बघून डोकं फिरलं. मधोमध निळा रंग मारला होता, वेडावाकडा, बरोबर सांध्यावरून. म्हणे घोडबंदरची खाडी. म्हणे सांधा दिसू नये म्हणून. माझा सांधा मुळात दिसतच नव्हता. एका बाजूला थर्माकोलचा किल्ला, दुसरीकडे चेण्याचे डोंगर, तेही माझ्याच गाळ्यातला भुसा गोंदात कालवून केलेले, आणि वरसाव्याला खाडीत एक उतार, जिथून पायी पलीकडे जाता येतं. त्यांच्या गॅलरीतून खरे डोंगर दिसायचे, फुकट. ते सोडून हा माणूस भुशाचे डोंगर बघत बसायचा.

खेळ सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सहा शिपाई एका पुठ्ठ्यावर उभे केले की ती एक तुकडी. पाळीपाळीने आपापल्या तुकड्या मोजून सरकवायच्या, पायदळ वीतभर, घोडदळ दोन विती. समोरासमोरचे पुठ्ठे एकमेकांना टेकले की हातघाई. दोघांनी फासा टाकायचा, त्यात आपले उभे शिपाई मिळवायचे, चढावर असलात तर एक जास्त, शत्रूच्या कुशीत शिरलात तर दोन जास्त. ज्याची बेरीज कमी तो हरला. त्याचा एक शिपाई उचलायचा. पण तुकडी मरत नाही. तिने एक चाल मागे सरायचं, तोंड शत्रूकडे ठेवून. ही माघार. मग तिच्यासाठी आणखी एक फासा. बरा पडला तर तुकडी सावरली, पुढच्या पाळीला परत लढेल. वाईट पडला तर पुठ्ठा गर्रकन फिरवायचा, शत्रूकडे पाठ, आणि हा पळ. पळणारी तुकडी आपल्याच माणसांतून गेली तर तीसुद्धा उधळतात. आणि मागे सरायला जागाच नसली, म्हणजे भिंत आहे किंवा शत्रू मागे येऊन बसलाय, तर तुकडी तिथेच खलास.

आता एक गोष्ट, जी म्हणे पुस्तकात नव्हती, जोगळेकरांच्या घरची होती. माघारीचा हा दुसरा फासा आपण टाकायचा नाही. समोरच्याने टाकायचा. मी विचारलं, का? तर म्हणाले, "तात्या, स्वतःच्या माघारीचा फासा कोणी नीट टाकत नाही. हात थरथरतो, नाहीतर मुद्दाम जोरात टाकतो. समोरच्याच्या हातात द्यावा." असली वाक्यं ते चहा ओतता ओतता बोलायचे. बोटीवर बोलायला माणूस नसल्याने साठून राहिली असतील.

पहिल्याच खेळात किल्ल्यापाशी माझी तुकडी हरली. जोगळेकर म्हणाले, "घ्या मागे."

"कोणाला?"

"तुकडीला."

"माझे मराठे मागे येत नाहीत."

ते हसले. "तात्या, गनिमी कावा म्हणजे काय होतं मग? निम्मं मागे सरणंच."

"त्यांनी काय केलं ते त्यांचं त्यांना माहीत. इथे मी उभा आहे. मी राजापूरचा, मी मागे येत नाही."

"हा नियम आहे हो."

"तुमच्या फिरंग्यांसाठी असेल."

आता कोणीही सांगेल, नियम ज्याचा त्याने अशा वेळी अडून बसायचं. मला उठवून लावायचं. या माणसाने काय करावं? फूटपट्टी खाली ठेवली, थोडा विचार केला आणि म्हणाला, "ठीक आहे. तुमचे मागे येणार नाहीत. हरले की जागच्या जागी संपतील. चालेल?" मी म्हटलं, चालेल. म्हणजे स्वतःचा नियमसुद्धा याने सोडून दिला. त्या दिवसापासून त्या घरात दोन कायदे होते. त्यांचे हरले की वीतभर मागे, मी त्यांच्यासाठी फासा टाकणार, ते सावरून परत येणार. माझे हरले की खोक्यात. आणि मी दर रविवारी हरायचो. दर रविवारी, वर्षानुवर्षं. घोडदळाचा तर आणखी वेगळा ताप. जिंकलेल्या घोडदळाने पाठलाग केलाच पाहिजे, थांबवता येत नाही. माझं घोडदळ एकदा उधळलं की जोगळेकरांच्या मागे सरणाऱ्या तुकड्यांमागे धावत धावत टेबलाच्या काठापर्यंत जाणार आणि खाली. सोमवारी वहिनी केर काढताना फोन करायच्या, "तात्या, तुमचं घोडदळ सुपलीत आलंय."

मग जात का होतो, असं कोणी विचारेल. चहा चांगला असायचा. आणि हा माणूस कधीतरी अंगावर येईल, याची वाट बघायला जात होतो.

तो दिवस आला नाही. खाली गाडी लावायची त्यांची जागा होती, नंबर घातलेली. चौथ्या मजल्यावरच्याने तिथे दुसरी गाडी आणून लावली. मी जोगळेकरांबरोबर होतो. मला वाटलं आता बघू. तो म्हणाला, "अंकल, मेरी दो गाडी है ना, आप तो चलाते भी नहीं." आणि हे म्हणतात, "हां हां, लगाओ." जिन्यात मी त्यांना नाही नाही ते बोललो. तर म्हणतात, "तात्या, त्या जागेसाठी रोज सकाळी उठून त्याचं तोंड बघावं लागलं असतं. सकाळी मला गॅलरीतून डोंगर बघायचा असतो." गुहागरला घरची वाडी होती, ती भावाने अशीच हळूहळू आपल्या नावावर करून घेतली. हे गेले, भावाकडे जेवले, सह्या केल्या आणि आंब्यांची पेटी घेऊन परत आले. आंबे मलाही दिले. मी खाल्ले नाहीत, शेजारच्या इस्त्रीवाल्याला दिले.

माझं तसं नाही. माझ्या गाळ्यापुढून रस्ता रुंद करायचा ठरला तेव्हा महापालिकेचे लोक पुढे नव्या बिल्डिंगीत दुसरा गाळा देतो म्हणाले. बाकीचे सगळे गेले, चकाचक काचा लावून बसले. मी म्हटलं, मी इथे बसलोय, मला हलवून दाखवा. नाही हलवलं. रस्ता दुसरीकडून वळवला आणि माझ्या तोंडासमोर भिंत घातली. आज गाळ्यात यायचं तर गटाराच्या बाजूच्या बोळातून आडवं होऊन यावं लागतं, आणि कपाट बाहेर काढायचं तर ते आधी सुटं करावं लागतं. पण गाळा आहे. जिथे होता तिथे आहे. भिंत नवी होती तेव्हा जोगळेकर एकदा आले, शर्टाला चुना लागला, तो झटकत उभे राहिले. भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तात्या, तेव्हा तुमच्या मागे जागा होती." एवढंच. मी रंधा मारत राहिलो. ज्याने आयुष्यात एक भिंतसुद्धा अंगावर घेतली नाही त्याच्याकडून मी काय ऐकून घ्यायचं?

आता शेवटचा खेळ. पावसाळा संपून ऊन तापायला लागलं होतं. जोगळेकर चार पावलांत दमायचे, बोलता बोलता थांबायचे, पण फासा हातात आला की ठीक. त्या दिवशी माझी एक तुकडी वरसाव्याच्या उतारावर, बरोबर खाडीच्या मध्यावर उभी होती. पुढून त्यांचं पायदळ आलं. आणि यांनी शांतपणे आपलं घोडदळ डोंगराला वळसा घालून माझ्या काठावर, माझ्या पाठीशी आणून उभं केलं. पुठ्ठे टेकले. हातघाई. मी फासा टाकला, एक. त्यांनी टाकला, पाच. माझी तुकडी संपली. माझ्या कायद्याने संपली, आणि त्यांच्या कायद्यानेही संपली असती, कारण मागे घोडदळ. मी शिपाई उचलायला हात पुढे केला तर म्हणाले, "थांबा जरा. एक सांगायचंय." मी हात मागे घेतला.

"काय?"

"छातीचं ऑपरेशन सांगितलं होतं ना... मी नको म्हणालो."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"तो म्हणतो केलं तर कदाचित चार-दोन वर्षं मिळतील. त्यातलं बरंचसं अंथरुणावर जाईल. कदाचित टेबलावरच जाईन. नाही केलं तर जे काही असेल ते या खुर्चीत."

"म्हणजे पळालात," मी म्हटलं.

"तात्या..."

"फासा टाकायच्या आधीच पळालात. गाडीची जागा सोडली, वाडी सोडली, ठीक आहे, तुमची होती, तुम्ही सोडली. हे आयुष्य वहिनींचंपण आहे. निदान एकदा तरी उभे राहा की समोर. माणसं छाती फाडून घेऊन परत येतात, भाजी आणायला जातात. तुम्हाला आयुष्यभर मागे सरायची सवय लागली, आता यमाने नुसतं खाकरलं तरी तुम्ही वीतभर मागे."

त्यांना राग आला नाही. तोच तर त्यांचा दोष. खुर्चीत नीट बसले, एक हात टेबलाच्या काठावर ठेवला, माझ्याच सागाच्या पट्टीवर, आणि म्हणाले, "मी मागे सरलोय, तात्या. पळालो नाहीये. माझं तोंड बघा कुठे आहे. त्याच्याकडेच आहे."

"तोंडाला काय करायचंय," असं म्हणून मी चपला घातल्या आणि निघालो. माझी तुकडी उतारावर तशीच राहिली.

आमचं याआधी काय कमी वाजलं होतं? दर दोन महिन्यांनी एकदा वाजायचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जोगळेकरांचा फोन ठरलेला. "तात्या, चहा टाकलाय." म्हणाले की मी जायचो. मागे सरण्याचं काम त्यांचं, ते त्यांना जमायचं, त्यांनीच करायचं. या वेळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यात नाही. गाळ्यात मोबाईल मी खिशातून काढून समोर फळीवर ठेवत होतो, मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून. तो वाजायचा तो दुसऱ्या कोणाच्या कपाटासाठी. आयुष्यभर ज्याने शेजाऱ्याला, भावाला, वॉचमनला, सगळ्यांना वाट दिली तो माणूस नेमका माझ्यासमोर अडून बसला. निवड तरी बघा. आणि मी फोन का करू? मी कधी केला नव्हता. मग एक दिवस वॉचमन शटरपाशी आला, ते वर सांगितलंच आहे.

परवा वहिनींनी बोलावलं. त्या नाशिकला मुलीकडे चालल्यात, फ्लॅट भाड्याने जाणार. म्हणाल्या, "तात्या, टेबल तुम्हीच केलंत, तुम्हीच सोडवा आणि घेऊन जा. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही." हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. हॉल रिकामा, पडदे काढलेले, भिंतींवर फोटोंचे चौकोन. टेबल तेवढं मांडलेलं. किल्ला, डोंगर, खाडी, शिपाई, सगळं.

"हे आवरलं नाही?" मी विचारलं.

"मी आवरत होते. दोनदा आवरायला घेतलं. हे म्हणाले, हात लावू नको, तात्यांची चाल बाकी आहे."

"माझी कसली चाल? माझी तुकडी मेली होती."

"ते मला कळत नाही. रोज सकाळी डोंगर बघून झाला की इथे येऊन बसायचे. मी म्हटलं, अहो, तात्यांना फोन करा. तर म्हणायचे, नाही, या वेळी त्यांची पाळी आहे."

मी टेबलाजवळ गेलो. नजर आधी उतारावरच गेली. माझे सहाही शिपाई उभे होते, एकही उचललेला नव्हता. समोर त्यांचं पायदळ पुठ्ठ्याला पुठ्ठा लावून, तसंच. मग मागे बघितलं. मागे घोडदळ नव्हतं. ते पार डोंगराच्या कडेला नेऊन ठेवलं होतं, आणि माझ्या तुकडीच्या पाठीमागचा काठ मोकळा होता, एक वीतभर. बरोबर एक वीत. त्यावर खडूची बारीक रेघ मारली होती, कुठपर्यंत ते कळावं म्हणून.

मी हिशोब केला. त्या दिवशी त्यांची चाल होऊन गेली होती. पाळी नसताना घोडे हलवता येत नाहीत. म्हणजे उभ्या आयुष्यात या माणसाने एकदा नियम मोडला, तोही मागे सरायला. हातात आलेली तुकडी सोडून, जिंकलेलं सोडून, मला वाट करून द्यायला. कोणी मागितली होती वाट? मी बोललो होतो का, मला जागा द्या म्हणून? असली मेहरबानी माझ्यावर कोणी करू शकलं नव्हतं, महापालिकेनेसुद्धा नाही. मला इतका संताप आला की मी वहिनींना म्हटलं, "बघितलंत? शेवटपर्यंत तेच."

वहिनी म्हणाल्या, "काय तेच?"

मी टेबलाखाली बसलो आणि कडी काढली. मग उठून दोन्ही भाग ओढायला लागलो, तेव्हा लक्षात आलं. खाडी सांध्यावर. उतार खाडीवर. माझी तुकडी उतारावर, म्हणजे पुठ्ठा अर्धा या फळीवर, अर्धा त्या फळीवर. ती हलवल्याशिवाय टेबल उघडणार नव्हतं. पुढे सरकवावी तर पुढे त्यांचं पायदळ, तिथे जागा नाही. उचलून खोक्यात टाकावी तर ती मेली असं होतं, आणि ती मेलेली नाही असं ज्याचा खेळ त्याने ठरवून ठेवलेलं. उरली एकच बाजू.

वहिनी म्हणाल्या, "चहा टाकू का, तात्या?"

"टाका."

त्या आत गेल्यावर मी ती तुकडी मागे घेतली. फूटपट्टी तिथेच होती, पण मी माझा टेप काढला. वीतभर, खडूच्या रेघेपर्यंत. एक शिपाई उचलून खोक्यात टाकला, कारण हरलेल्याचा एक जातो. उरलेल्या पाचांची तोंडं खाडीकडे आहेत ना, ते वाकून बघितलं. एक पागोटेवाला जरा तिरका झाला होता, तो सरळ केला. हे मी सांध्यासाठी केलं, हे स्पष्ट लिहून ठेवतो. उद्या कोणी म्हणायला नको की तात्याने ऐकलं.

टेबल आता माझ्या गाळ्यात आहे. दोन भाग केले म्हणून बोळातून आलं, नाहीतर आलं नसतं. मागच्या भिंतीला घोड्यांवर टाकलंय, म्हणजे आमच्या लाकडी घोड्यांवर. सगळे शिपाई होते तिथे परत मांडले, मापं मला लक्षात राहतात. गिऱ्हाईक विचारतं, "चाचा, ये क्या है?" मी सांगतो, काम चालू है. भुसा रोज बसतो, चेण्याच्या डोंगराला चालतो तो, शिपायांवरचा मी संध्याकाळी फुंकर मारून काढतो.

माझी तुकडी काठावर उभी आहे. ती मागे आली, पण सावरली की पळाली ते अजून ठरलेलं नाही. त्याला दुसरा फासा लागतो, आणि तो मी टाकायचा नसतो. तसा नियम त्यांनीच घातला, आणि घालून निघून गेले. माणूस कसा होता ते यावरून ओळखा. मी टाकला तर कोणी बघणार नाही, पण मी टाकणार नाही. फासा टेबलावर त्यांच्या बाजूला ठेवलाय, सागाच्या पट्टीशेजारी, जिथे त्यांचा हात असायचा. पाच जण तोंड समोर करून उभे आहेत. राहू देत उभे.